आगोट आणि 'कंबर कसणे'

मे महिना संपत आला की वर्तमानपत्रांत 'प्रशासनाने कंबर कसली' हा मथळा हमखास दिसतो. इंग्रजी बातमी मराठीत आणतानाही 'बॅटन डाउन द हॅचेस'ला आपण हाच वाक्प्रचार जोडतो. मला तो खटकतो.

मूळ इंग्रजी वाक्प्रचार जहाजावरचा आहे. डेकवर माल आत उतरवण्यासाठी मोठी तोंडं असतात. वादळाची चाहूल लागली की ती झाकायची, वर ताडपत्री ओढायची, कडेने लाकडी पट्ट्या बसवून पाचरी ठोकायच्या. ही पट्टी म्हणजे बॅटन. कंबर कसणारा लढायला निघालेला असतो. पाचरी ठोकणाऱ्याला वादळाशी लढायचं नसतं. पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तो बघतो.

आपल्याकडे या अर्थाच्या जवळ जाणारा शब्द आहे 'आगोट'. कोकणपट्टीत पावसाळा तोंडावर आल्याचा हा काळ. सुकी मासळी, मीठ, मसाला, जळण भरून ठेवणं ही आगोटीची बेगमी. घरं शाकारायची, तशाच होड्याही किनाऱ्यावर ओढून शाकारायच्या. आज महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. पण पावसाळ्यात दर्यापासून मागे सरण्याची समज कायद्याहून जुनी आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की नवा हंगाम.

दोन्हींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. पाचरी ठोकलेलं जहाज एकटं असतं. आत असतील ते वाचतील. आगोट सगळ्या गावाची एकदम येते. होडी ओढायलाच पाचपंचवीस हात लागतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पावसाळ्यातल्या छावणीचा विचार आहेच, पण लाकडाबद्दलचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आंबा-फणसाचं लाकूड आरमाराच्या कामाचं, तरी ती झाडं तोडू नयेत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. झाड जीर्ण झालं असेल तरच, धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. तयारी राज्याची असली तरी तिची किंमत न विचारता दुसऱ्यावर टाकायची नाही, हा त्याचा अर्थ.

मी हे वाघोलीत बसून लिहितो आहे. इथे समुद्र नाही, आणि आमचं संकट पाणी आत शिरण्याचं नसून पाणी न येण्याचं आहे. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत आलं, तरी उन्हाळ्याची तयारी म्हणजे टँकर आणि आणखी खोल बोअर. प्रत्येक सोसायटी स्वतःची तोंडं बंद करून बसलेलं जहाज. जमिनीखालचं पाणी मात्र कुंपण पाळत नाही. आमची बोअर खोल गेली, तर शेजारची आटू शकते. त्याला आम्ही तयारीच म्हणतो.

'कंबर कसणे' या शब्दांत हा प्रश्न शिरतच नाही. कंबर ज्याची त्याची असते. आगोट म्हटलं की विचारावं लागतं: होडी ओढायला कोण कोण आलं, आणि कोणाला बोलावलंच नाही?