नगराचे युरोपीयत्व : कोकण-गोमंतकातील उदाहरणांवरून एक निकषचर्चा

अमेरिकेतील कोणती नगरे सर्वांत अधिक युरोपीय वाटतात, हा प्रवासलेखकांचा एक आवडता प्रश्न आहे. न्यू ऑर्लिन्स, बोस्टन, सव्हाना ही त्याची ठरलेली उत्तरे होत. भारताच्या पश्चिम किनाऱ्याविषयीही असाच प्रश्न विचारला जातो आणि त्याला पणजी व मुंबईचा फोर्ट भाग ही उत्तरे मिळतात. या उत्तरांची सत्यासत्यता तपासण्यापूर्वी ‘युरोपीय’ हे विशेषण कोणत्या निकषावर लावले जाते, हे पाहणे अगत्याचे आहे. न्यू ऑर्लिन्सचेच उदाहरण घ्यावे. तेथील ‘फ्रेंच’ म्हणून ओळखली जाणारी जुनी वस्ती १७८८ व १७९४ च्या आगींत मोठ्या प्रमाणावर भस्मसात झाली. पुढील बांधणी स्पॅनिश अमलाखाली सुरू झाली आणि तिच्या सुप्रसिद्ध लोखंडी सज्जांपैकी बरेचसे एकोणिसाव्या शतकातील आहेत. नाव एकाचे, घडण दुसऱ्याची आणि अलंकार तिसऱ्या काळाचा, अशी ही स्थिती आहे. ‘वाटणे’ हा पुरावा किती अपुरा असतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सर्वसाधारण चर्चेत तीन निकषांची सरमिसळ झालेली आढळते : साधनसामग्री, दर्शनी रूप आणि नगरव्यवहार. या तिहींचा क्रमाने विचार करणे इष्ट आहे.

१. साधनसामग्री

या निकषाची परीक्षा करण्यास सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वैभववाडी हे उत्तम स्थळ आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, करूळ व भुईबावडा या घाटांच्या तोंडाशी वसलेल्या या तालुक्याच्या गावास युरोपीय म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. येथे बंदर नाही, वखार नाही, गव्हर्नराचा वाडा नाही. कोल्हापूर आणि कोकण यांमधील वाहतुकीचा टप्पा व बाजार हेच त्याचे महत्त्व. तथापि या परिसरातील जुन्या घराकडे पाहावे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, पुढे खळे, खळ्यात तुळशीवृंदावन, मग पडवी, ओसरी आणि आत माजघर, अशी ही रचना पूर्णतः देशी आहे. मात्र त्यावरील मंगलोरी कौल देशी नाही. एकमेकांत अडकणाऱ्या सपाट कौलाचे तंत्र आल्सेस प्रांतातील गिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये सिद्ध केले. बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळूर येथे कारखाना काढून तेथील नदीकाठच्या चिकणमातीतून तसे कौल पाडण्यास आरंभ केला. पुढे ते किनाऱ्याने सर्वत्र पसरले आणि गवताने वा नळ्यांनी शाकारलेल्या छपरांची जागा त्यांनी घेतली. परसातील काजूचे झाडही पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेले.

येथे वस्तू युरोपीय वा युरोपीयांनी आणलेली आहे. घर मात्र युरोपीय झालेले नाही. छप्पर बदलले तरी घराचे तोंड खळ्याकडेच राहिले. सामग्रीचे मूळ आणि वास्तूचा धर्म या भिन्न गोष्टी असल्याने पहिला निकष येथे निकालात निघतो.

२. दर्शनी रूप

दुसऱ्या निकषावर मुंबईचा क्रमांक निर्विवादपणे वरचा लागतो. १८६० नंतरच्या दशकात कोटाचे तट पाडले गेले आणि मोकळ्या झालेल्या भूमीवर गॉथिक वळणाच्या सार्वजनिक इमारतींची ओळ उभी राहिली. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा व राजाबाई मनोऱ्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईस न येताच लंडनमध्ये तयार केला. काम १८७८ मध्ये पुरे झाले. त्याच वर्षी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसच्या उभारणीस प्रारंभ झाला. तथापि मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या आकृती उभ्या आहेत, आणि स्थानकाच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. म्हणजे दर्शनी रूपही सर्वस्वी परके राहिलेले नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप वेगळा आहे. या इमारती न्यायालये, कचेऱ्या, विद्यापीठ व रेल्वे यांसाठी होत्या. गॉथिक कमानीखालून दिवसा जाणारा कारकून संध्याकाळी गिरगावातील चाळीत परते आणि तेथे त्याचा सार्वजनिक व्यवहार गॅलरीत व चौकात चाले. कचेरीच्या कमानीने त्याच्या राहणीची घडी बदलली नाही. उलट, त्याच गिरगावातील खोताच्या वाडीत आकाराने सामान्य, लाकडी जिन्यांची व व्हरांड्यांची जी घरे थेट गल्लीवर उघडतात, त्यांना युरोपीय नगराशी अधिक निकटचे साम्य सांगता येते. वाडीचे नाव मात्र एका पाठारे प्रभू खोतावरून पडलेले आहे.

३. नगरव्यवहार

तिसरा निकष घर, रस्ता आणि चौक यांच्या परस्परसंबंधाचा. पणजीतील फोंताइन्हास वस्तीत अंगण ओलांडून घरात जावे लागत नाही. दार व खिडकी रस्त्यावरच असतात, सज्जातून रस्त्याशी बोलणे होते. गावाच्या मध्यावर चर्चचा जिना आणि त्याच्या पायथ्याशी सार्वजनिक उद्यान आहे. गोमंतकातील जुने हिंदू घर राजांगणाकडे, म्हणजे आत, वळलेले असते. ख्रिस्ती घराचा ‘बाल्कांव’ वाटेकडे, म्हणजे बाहेर, वळलेला असतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, पुण्याच्या पेठेतील वाडाही रस्त्याला लागूनच असतो आणि त्याला ओटाही असतो; शिवाय सेव्हिल येथील घराला आतले अंगण असूनही ते युरोपीयच असते. आक्षेप रास्त आहे. त्यामुळे एकट्या दारावरून निर्णय करता येत नाही. दार, सज्जा, चौक आणि त्या चौकाभोवती एकत्र आलेल्या नागरी व धार्मिक संस्था यांचा समुच्चय पाहावा लागतो. तो समुच्चय या किनाऱ्यावर सर्वांत स्पष्टपणे पणजीत आढळतो, आणि म्हणून पहिले स्थान तिला देणे युक्त होय. मात्र ही घडण निव्वळ अभिरुचीतून आलेली नाही. गोव्यात १५६० पासून, मधला अल्पकाळ वगळता, १८१२ पर्यंत इन्क्विझिशनचा अंमल होता. ‘युरोपीय’ हा शब्द केवळ प्रशंसापर वापरला की रंगीत भिंतीमागचा हा इतिहास दृष्टीआड होतो.

इमारत आणि संस्कृती यांची ताटातूट दोन्ही दिशांनी होऊ शकते. वेंगुर्ले येथे डचांनी सतराव्या शतकात वखार बांधली. तिचे भग्नावशेष राहिले. परंतु गावाच्या भाषेत वा राहणीत डच असे काही उरले नाही. याउलट रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावात प्रेक्षणीय युरोपीय रस्ता नाही, पण पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपुष्टात आल्यावरही तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजोद्भव बोली टिकून राहिली. तिला बोलणारे ‘नॉ लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. वास्तूवरून निर्णय करणारा अभ्यासक वेंगुर्ल्यास थांबेल आणि कोर्लई ओलांडून पुढे जाईल.

समारोप

ही चर्चा केवळ क्रमवारीसाठी नाही. संरक्षणाचे धोरण निकषावर ठरते. दर्शनी रूप हाच निकष मानला तर फोंताइन्हासची भिंत रंगवून जतन होईल. पण तिच्यामागचे कुटुंब निघून जाऊन घराचे अतिथिगृह झाले, तर दाराचा रस्त्याशी असलेला संबंध तुटेल आणि वस्तीचे युरोपीयत्व चित्रापुरते उरेल. त्याच निकषाने वैभववाडीसारख्या गावातील चिऱ्याचे, मंगलोरी कौलांचे घर कोणत्याच यादीत येणार नाही. ते पाडून स्लॅब टाकला गेला तरी वारसा नष्ट झाला असे कोणास वाटणार नाही. वस्तुतः युरोपशी आलेला संबंध कोकणाने कसा पचविला, याचा पुरावा पणजीच्या सज्जाइतकाच त्या छपरातही आहे. पणजी युरोपीय वळणाची झाली. वैभववाडीच्या घराने युरोपचे कौल घेतले आणि आपले वळण सोडले नाही. नगराभ्यासाने या दोन्ही घटना एकाच इतिहासाच्या म्हणून नोंदविणे आवश्यक आहे.