अद्भुताचा साक्षी

अद्भुतरम्य चित्रपट हा एक प्रकार आणि ॲनिमेशन हा बालकांच्या करमणुकीचा दुसरा, अशी विभागणी करून मोकळे होण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. ती आम्हांस मान्य नाही. चित्र वा बाहुली किंचित बदलावी, तिचे एक छायाचित्र घ्यावे, पुन्हा बदलावी, पुन्हा टिपावे. आणि सेकंदाला २४ चित्रे या वेगाने ती पडद्यावर धावू लागली की निर्जीवात जीव संचारल्याचा भास व्हावा, हे ॲनिमेशनचे मर्म होय. अद्भुतपटांतील कित्येक राक्षस याच युक्तीने चालते झाले. १९३३ च्या ‘किंग काँग’मधील महाकाय वानर बहुतेक दृश्यांत अवघ्या हातभर उंचीची बाहुली होती. आपल्याकडेही ही दोन्ही अंगे एकाच घरची. वडोदऱ्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्याही नाचविल्या.

तंत्र एक असले तरी रस एक नाही. अद्भुतरसाचा स्थायीभाव विस्मय, आणि विस्फारलेले नेत्र, रोमांच हे त्याचे अनुभाव, असे भरतमुनींनी सांगितले आहे. विस्मय वाटण्यास नित्याचा नियम आधी मानलेला असावा लागतो. रेखाचित्रांच्या सृष्टीत उंदीर बोलला तर कोणासही नवल वाटत नाही. तेथील आनंद रेषेच्या स्वातंत्र्याचा असतो. अद्भुतपटात मात्र नियम मोडतो, आणि तो मोडताना पाहणारा माणूस समोर असतो. रे हॅरीहाउझेन यांनी १९६३ च्या ‘जेसन अँड द आर्गोनॉट्स’मध्ये सात सांगाडे तीन योद्ध्यांशी लढविले. काही मिनिटांच्या त्या प्रसंगाला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. सांगाड्यांची चाल किंचित अडखळते. पण त्यांच्यासमोरच्या माणसांची धास्ती अडखळत नाही, म्हणून आपणही मानतो. फाळके यांनी हे आधीच ओळखले होते. १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये त्यांनी आरंभी आपली कन्या मंदाकिनी हिचा मुद्राभिनय दाखविला, आणि मग तीच बालिका श्रीकृष्ण होऊन आली. पुढील सर्व चमत्कार त्या चेहऱ्याच्या आधारावर उभा आहे.

संगणकाने आता काहीही घडविता येते. त्यामुळे हा आधार सुटण्याचा धोका वाढला आहे. २०१९ चा ‘द लायन किंग’ याचे बोलके उदाहरण आहे. त्यातील एक दृश्य सोडल्यास सारे संगणकनिर्मित. म्हणजे तो वस्तुतः ॲनिमेशनपटच. परंतु त्याने खऱ्या वनाचा वेष घेतला. १९९४ च्या मूळ चित्रपटातील सिंहांच्या भुवया माणसासारख्या उंचावत. त्या रेषेतच मानवी साक्षी दडलेला होता. नव्या चित्रपटातील छावा इतका हुबेहूब आहे, की पित्याच्या मृत्यूचे दुःख त्याच्या मुखावर उमटावयास जागाच उरत नाही. रेषेचे स्वातंत्र्य गेले आणि माणसाचा चेहराही आला नाही.

आपले विद्यार्थी आज हुबेहूबपणालाच कलेची कसोटी समजू लागले आहेत. त्यांना चित्रपट पाहू नका असे सांगणे व्यर्थ आहे. ‘हे खरे दिसते काय?’ या प्रश्नाआधी ‘येथे विस्मय कोणाला वाटत आहे?’ हा प्रश्न विचारावयास मात्र आपण त्यांना शिकवू शकतो. या प्रश्नाचे उत्तर जेथे सापडत नाही, तेथे कौशल्य असेल, अद्भुत नसते.