रिकामे बेट आणि आपले प्रवासवर्णन

वऱ्हाडातील माणसाला समुद्राचे वेड असावे, यात नवल काही नाही. मिठाशी आमचा संबंध येतो तो पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, तोही पिण्यालायक नसलेल्या विहिरीच्या पाण्यापुरता. समुद्र शेकडो मैल दूर. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या घरात गेला की आमचे वाडवडील फार तर चिखलदऱ्याची वाट धरीत. आता दिवस पालटले आहेत. चार मित्रांची कुटुंबे एकत्र येतात, वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात आणि नागपूरहून विमानाने अंदमान, मालदीव, बाली किंवा मॉरिशस गाठतात. चार-पाच दिवस एखाद्या रिसॉर्टमध्ये विसावतात, परत येतात, आणि त्यांपैकी जो कोणी लिहिता असेल तो एक लेख लिहितो.

असे बेटांवरचे लेख गेल्या काही वर्षांत नियतकालिकांतून, स्मरणिकांतून आणि धर्मग्रामाच्या वार्षिकांतून आमच्या वाचनात बरेच आले. त्यांचा वाङ्मयप्रकार म्हणून विचार व्हावा, असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहोत. कोणा एका लेखकाला दोष द्यावा हा हेतू नाही. तसा दोष द्यावयाचाच झाला तर प्रथम आम्हांलाच द्यावा लागेल. त्याची कबुली पुढे येईलच.

ह्या लेखांचा एक साचा ठरून गेला आहे. आरंभी पहाटेची धांदल, चिवड्याचे डबे, विमानात प्रथमच बसलेल्या काकूंची फजिती. मग खिडकीतून दिसलेले निळे-हिरवे पाणी. त्यापुढे स्वागताचे शहाळे, झावळ्यांनी शाकारलेली कुटी, काचेच्या तळाच्या होडीतून पाहिलेली प्रवाळे, मित्रांच्या कोट्या, रात्रीचे तळलेले मासे आणि सूर्यास्त. शेवटी जड अंतःकरणाने घेतलेला निरोप. ह्यातील एकही गोष्ट खोटी नाही. भाषाही बऱ्याचदा चांगली असते. तरीही लेख वाचून झाल्यावर बेटाची म्हणून काही ओळख झाली, असे वाटत नाही. अंदमानच्या जागी बाली लिहिले आणि बालीच्या जागी मॉरिशस, तरी फारसे काही बिघडत नाही. एखाद्या स्थळवर्णनाला याहून मोठा दोष तो कोणता?

ह्या दोषाचे मूळ आमच्या मते एकच आहे. ह्या लेखांतील बेट रिकामे असते. तेथे समुद्र आहे, वाळू आहे, नारळ आहेत आणि आपण आहोत. बाकी कोणी नाही. जे आहेत ते ताट पुढे करणारे हात आहेत, सामान उचलणारे खांदे आहेत. त्यांना चेहरा नाही.

मराठी प्रवासवर्णनाची परंपरा अशी नव्हती. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते हौसेसाठी नव्हे. घरच्या ओढगस्तीमुळे, दक्षिणा मिळेल ह्या आशेने गेले. १९०७ साली छापून निघालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही वाचवतो, कारण त्यात वाटेवरची माणसे आहेत, त्यांची भूक, भीती आणि व्यवहार आहेत. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरील आपल्या पुस्तकाला १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ असे नाव दिले. शब्दांचा क्रम पाहावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. मी कोठे गेले, ह्यापेक्षा तेथे लोक कसे राहतात, हे त्यांना अगोदर सांगावयाचे होते. हौसेचा प्रवास म्हणावा तर पु. ल. देशपांडे यांचे ‘पूर्वरंग’ आहे. १९६३ च्या ह्या पुस्तकात बाली बेट येते, परंतु पु. ल. मुळात माणसांत रमणारे लेखक. त्यामुळे त्यांच्या हसण्याखिदळण्यातही बेट रिकामे राहत नाही. तेव्हा मौज आणि माणूस ह्यांचे वैर आहे, असे कोणी समजू नये. मौजेचा लेख म्हणून माणसे गाळावी लागतात, ही सबब टिकणारी नाही.

अंदमानाचे उदाहरण जरा बारकाईने घेऊ. कारण आमच्याकडील मंडळी सर्वांत अधिक जातात ती तेथेच, आणि मराठी मनाचे त्या बेटांशी नातेही जुने आहे. विनायक दामोदर सावरकर १९११ साली तेथे नेले गेले आणि १९२१ साली मुख्य भूमीवर आणले गेले. १९२७ साली ‘माझी जन्मठेप’ पुस्तकरूपाने आले, आणि मराठी वाचकाच्या मनात अंदमान म्हणजे कोठडी व कोलू हे समीकरण पक्के झाले. १९०६ साली पुरे झालेल्या त्या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. आपले लेखक तेथे जातात, नतमस्तक होतात, रात्री ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम पाहून डोळे पुसतात. दुसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉकला जातात, ज्याचे नाव २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप झाले आहे. तेथील राधानगरचा किनारा २००४ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने आशियातील सर्वोत्तम ठरविला होता, हे वाक्यही बहुतेक लेखांत असते. म्हणजे एका पानावर तुरुंग, दुसऱ्या पानावर वाळू. एका पानावर गंभीर स्वर, दुसऱ्यावर खेळकर. ह्या दोन पानांमध्ये जे सबंध शतक गेले, ज्यात ही बेटे वसली, त्याला लेखात जागाच नसते.

ती जागा कोणाची आहे? हॅवलॉकवर आज ज्या बंगाली शेतकरी कुटुंबांच्या वाड्यांतून सुपारी आणि नारळ दिसतात, ते पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेले निर्वासित होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांना तेथे वसविले गेले. आपण ज्या वाळूला ‘अस्पर्श’ म्हणतो, ती कोणाच्या तरी फाळणीची अखेर आहे. जारवांची कथा त्याहून वेगळी. त्यांच्या अरण्यातून गेलेल्या महामार्गावर पर्यटकांच्या गाड्या थांबवून त्या लोकांना खाऊ दाखवून नाचावयास लावल्याची चित्रफीत २०१२ साली उघडकीस आली आणि देशाची मान खाली गेली. तेथे बेट रिकामे नव्हते, पण माणसाला प्राण्यांच्या रांगेत उभे केले होते. न पाहणे आणि असे पाहणे, ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

आणि तिसरे आहेत रांचीचे लोक. ह्यांच्याविषयी आमच्या वाचकांना विशेष ठाऊक असावयास हवे, कारण तो आपल्याही घरचा इतिहास आहे. १९१८ पासून रांची येथील कॅथलिक लेबर ब्युरोच्या द्वारे छोटा नागपूरमधील उरांव, मुंडा आणि खारिया मजूर अंदमानात जंगलतोडीसाठी नेले जाऊ लागले. त्यांनी झाडे पाडली, रस्ते काढले. पुढे निर्वासितांना जी जमीन मिळाली तीही बव्हंशी ह्यांनीच मोकळी केलेली. त्यांतील अनेक तेथेच राहिले. ज्यांनी इतरांसाठी जमीन मोकळी केली, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या नावे मात्र जमीन झाली नाही. आपल्या मूळ प्रांतात ज्यांना अनुसूचित जमात म्हणून ओळखतात, त्यांना बेटांवर ती ओळख मिळाली नाही, ही त्यांची जुनी तक्रार आहे. १९८४ साली पोर्ट ब्लेअरचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच्या भाविकांत ह्या रांचीवाल्यांचा वाटा मोठा आहे.

आता ती कबुली. आम्हीही तीन मित्रकुटुंबांसह २०१७ साली अंदमानास गेलो होतो आणि परत आल्यावर साच्याबरहुकूम एक लेख लिहिला होता. तो छापूनही आला आणि लोकांनी वाखाणला. पोर्ट ब्लेअरमध्ये (२०२४ पासून ह्या शहराचे नाव श्री विजयपुरम असे आहे) चार दिवस एकच गाडीवान आम्हांला फिरवीत होता. शेवटचा दिवस रविवार होता म्हणून आम्ही सकाळच्या मिस्साला गेलो, तर गायकवृंदात पहिल्या रांगेत तोच उभा. मिस्सा संपल्यावर बाहेर भेट झाली. आजोबा गुमल्याकडून जंगलतोडीला आले होते, घरात अजून सादरी बोलतात, एवढे त्याने हसत हसत सांगितले. ‘तुम्हीही आपलेच का?’ असे त्याने हिंदीत विचारले. चार दिवस शेजारी बसून आम्ही त्याला काय विचारले होते? जेवण कोठे चांगले मिळेल, आणि बोट किती वाजता सुटते. आमच्या लेखात त्याच्याविषयी एकच वाक्य होते: चालक नम्र व वक्तशीर होता. ते वाक्य आज वाचताना आम्हांला लाज वाटते. मिस्सानंतरची ती भेट आम्ही लेखात घेतलीच नव्हती, कारण सहलीच्या रंगात ती बसत नव्हती. म्हणजे पाहूनही गाळले. न पाहण्यापेक्षा हा अपराध मोठा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. माणूस थकतो. जिनिंगमधला मुनीम, शाळेतली शिक्षिका, इस्पितळातली परिचारिका वर्षभर राबतात. चार दिवस त्यांनी समुद्राकाठी पाय पसरले तर तेथेही समाजशास्त्र शिकावे की काय? आमचे उत्तर असे, की विश्रांती हा हक्कच आहे आणि तिला उपहासाने हिणवणे आम्हांला मान्य नाही. परंतु विश्रांतिदिनाची जी आज्ञा आपण लहानपणी पाठ केली, तिच्यात घरच्या मालकाबरोबर चाकराचा, जनावराचा आणि दारी आलेल्या परक्याचाही उल्लेख आहे. आपल्या विसाव्यासाठी कोण जागे आहे, एवढा प्रश्न विश्रांतीत मोडता घालीत नाही. उलट ती अधिक खरी करतो.

शिवाय असा प्रश्न लेखालाही उपकारक ठरतो. एक साधे उदाहरण घ्या. काटेपूर्णेचे धरण आटत आले की आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट पाहणे म्हणजे काय, हे अकोलेकराला सांगावयास नको. तोच अकोलेकर बेटावरच्या रिसॉर्टच्या तरणतलावात उतरतो, पण चहूकडे खारे पाणी असलेल्या ह्या जागी हे गोडे पाणी येते कोठून, असे त्याच्या मनात येत नाही. पोर्ट ब्लेअर शहराची तहान धनिखारीच्या धरणावर भागते आणि उन्हाळ्यात तेथेही पाणीकपात होते. हे जर त्या लेखकाने लिहिले असते, तर अकोल्याचा वाचक त्या बेटाला एका वाक्यात ओळखला असता. ‘पाचूसारखे पाणी’ ह्या उपमेने ते साधत नाही. आपल्या गावचे डोळे घेऊन परमुलखाकडे पाहणे, हेच प्रवासवर्णनाचे भांडवल असते. आमचे लेखक ते घरी ठेवून जातात आणि माहितीपत्रकाचे डोळे उसने घेतात.

पण हे डोळे घरीही उघडे असतात काय? चिखलदऱ्याला आपण किती वेळा गेलो! देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड, कॉफी, धुके. परतवाड्याहून घाट चढताना डोक्यावर मोळ्या घेऊन चाललेली कोरकू माणसे गाडीच्या काचेतून दिसतात आणि मागे पडतात. १९७४ साली मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला, १९९३ साली येथील बालमृत्यूंनी सारा देश हादरला, तरी आमच्या सहलींच्या लेखांतील चिखलदरा थंडच राहिला. भाषातज्ज्ञ सांगतात की कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे, त्या कुळाचे अगदी पश्चिमेकडचे टोक. ज्या मुंडा आणि खारिया मजुरांनी अंदमानची जंगले तोडली, त्यांच्या मूळ बोलीही त्याच कुळातल्या. म्हणजे विमानाने समुद्र ओलांडून आम्ही ज्यांना पाहिले नाही, त्यांचे भाषाबंधू आमच्याच जिल्ह्याच्या डोंगरात आहेत, आणि त्यांनाही आम्ही पाहिलेले नाही. बेट रिकामे करण्याची सवय आम्ही अंदमानात शिकलो नाही. ती आम्ही घाटातूनच बरोबर नेली.

म्हणून ह्या लेखप्रकाराविषयी आमची अपेक्षा माफक आहे. सूर्यास्त असू द्या, मित्रांच्या कोट्या असू द्या, काकूंची फजितीही असू द्या. त्याबरोबर बेटावरील एका तरी माणसाला लेखात बोलू द्या. तो कोठून आला, काय भाषा बोलतो, आपण निघून गेल्यावर पावसाळ्याचे महिने कशावर काढतो, एवढे विचारा. ह्याला विद्वत्ता लागत नाही, एखादी संध्याकाळ लागते.

त्या गाडीवानाचे नाव आम्ही अलीकडे एका परिचित धर्मगुरूंकडून मिळविले आणि त्याला पत्र लिहिले आहे. नाव येथे देत नाही, कारण ते छापण्यास त्याची अनुमती अद्याप आलेली नाही. ती आल्यास जुन्या लेखातील ते एक वाक्य बदलून लिहावयाचे आहे.