खोडलेल्या वाक्यांचे सामर्थ्य

ताहिरा माफी या इराणी वंशाच्या अमेरिकन लेखिकेची ‘शॅटर मी’ (२०११) ही कादंबरी केवळ प्रेमकथा म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह प्राध्यापकाला होतो. मलाही झाला, पण दोन बैठकींत ती वाचून काढली. नायिका ज्युलिएट २६४ दिवस कोठडीत बंद आहे. तिच्या स्पर्शाने माणसाचा प्राण जाऊ शकतो, म्हणून हुकूमशाही राजवटीला ती शस्त्र म्हणून हवी आहे. राजवटीचे चित्रण वरवरचे आहे. तिचा स्पर्श सहन करू शकणारा ॲडमच नेमका तिला भेटतो, ही लेखिकेने करून घेतलेली सोय आहे, हेही मान्य करावे लागते.

तरीही वाचनाचा खरा आनंद निवेदनात आहे. ज्युलिएट मनातले बोलते आणि त्यावर लगेच रेघ मारते. खोडलेले वाक्य मात्र छापलेले असते. भिंत फोडणारा हात तिला पुढे गवसतो. तिचे सामर्थ्य वाचकाला त्याआधीच त्या रेघांआड दिसलेले असते. मालिका पुढे सरकते तशा या रेघा कमी होत जातात.

बरोबर उत्तर लिहून ते खोडणाऱ्या विद्यार्थिनी आपण उत्तरपत्रिका तपासताना पाहतोच. त्यांच्यासाठी हे पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असावे.