मनांतले मांडे आणि आकाशांतली खाट

इंग्रजी काव्यशास्त्र मराठींतून समजावून देण्याचा प्रसंग ज्यांच्यावर वारंवार येतो, त्यांना एक तक्रार पाठ झालेली असते. ती ही कीं, ‘इमॅजिनेशन’ या शब्दाला आपल्या भाषेंत नेमका प्रतिशब्द नाहीं. मीहि ही तक्रार वर्गांत पुष्कळ वर्षें केली आहे. इतकेंच नव्हे, तर एका विद्यार्थ्यानें त्या ठिकाणीं ‘मनोराज्य’ हा शब्द योजला म्हणून त्याचे गुणहि कापले आहेत. ते कापणें योग्य होतें काय, हा प्रश्न पुढें मनांतून जाईना. विचार करूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, आपल्याकडे शब्दांची वाण मुळींच नाहीं. वाण आहे ती शब्दांतील भेद राखण्याच्या संवयीची.

प्रथम ‘कल्पना’ हा शब्द घ्या. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ जुळणें, योग्य होणें, रचणें. म्हणजे मुळांत या शब्दांत कारागिरीचा अंश आहे. पण आजच्या बोलण्यांत ‘मला कल्पना नव्हती’ म्हणजे माहिती नव्हती. ‘आगाऊ कल्पना द्या’ म्हणजे सूचना द्या. ‘कल्पना चांगली आहे’ म्हणजे युक्ति चांगली आहे. एकाच बैलाला नांगर, मोट आणि गाडी अशा तिन्ही कामांना जुंपल्यावर तो थकावयाचाच. उलट ‘प्रतिभा’ आपण इतक्या उंच देव्हाऱ्यांत बसविली आहे कीं, थोर कवींच्या पुण्यतिथीसच ती काय ती खालीं उतरते. वस्तुतः अभिनवगुप्तांचे गुरु भट्ट तौत यांनीं प्रतिभेचें लक्षण सांगितलें तें प्रज्ञेचाच एक प्रकार म्हणून. जिला नित्य नवें सुचतें अशी बुद्धि ती प्रतिभा. स्मृतींतील तयार वस्तूंची नुसती मांडामांड करणारी शक्ति वेगळी आणि त्या विरघळवून कांहीं नवें व एकजीव घडविणारी शक्ति वेगळी, अशी रेषा कोलरिजनें १८१७ सालीं ‘बायोग्राफिया लिटरारिया’ या ग्रंथांत ओढली. तशी रेषा ओढण्यास लागणारे शब्द आपल्यापाशीं त्यापूर्वीं कित्येक शतकें होते.

सर्वांत विलक्षण इतिहास ‘दिवास्वप्न’ या शब्दाचा. चरकसंहितेंत त्याचा अर्थ दिवसा झोपणें एवढाच आहे. ग्रीष्म ऋतु सोडला तर निरोगी माणसानें तें टाळावें, त्यानें कफ व पित्त वाढतात, असा वैद्यांचा उपदेश. जागेपणीं मनांत चित्रें पाहण्याशीं त्याचा संबंध नव्हता. इंग्रजी ‘डे-ड्रीम’ समोर ठेवून आपण या वैद्यकी शब्दांत नवा अर्थ ओतला. ओतण्यास हरकत नाहीं. भाषा अशाच वाढतात. परंतु निषेधाचा जुना वास भांड्याला तसाच राहिला, असें मला वाटतें.

घरगुती शब्दांत तर तो निषेध उघडच आहे. ‘मनांतले मांडे’ म्हणतांना आपण हंसतों. पंचतंत्रांतील ब्राह्मण सातूच्या पिठाच्या घड्याखालीं निजून संसार रचतो, आणि मनांतल्या बायकोला मारलेली लाथ खऱ्या घड्याला लागते. मांडा हा पदार्थ सोपा नव्हे. हातांवर पसरीत न्यावयाचा व पालथ्या खापरावर भाजावयाचा. जें प्रत्यक्षांत फार कष्टानें साधतें तें मनांत आयतें मिळतें, म्हणूनच म्हणीनें तो निवडला असावा. पण याच मांड्यांची दुसरी कथाहि महाराष्ट्राला ठाऊक आहे. विसोबांनीं खापर मिळूं दिलें नाहीं, तेव्हां मुक्ताबाईनें ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले, ही ती आख्यायिका. इतिहास म्हणून ती कोणी सिद्ध करणार नाहीं. तरी बहिणीची निराशा आणि भावाचा अंतरींचा अग्नि यांना एका चित्रांत बसविणारी ही लोकांची कल्पना म्हणजे मनांतले मांडे नव्हेत. ब्राह्मणाच्या स्वप्नांत सर्व कांहीं त्याच्या सोयीनें घडतें. आख्यायिकेंत गांवचा छळ, अपमान आणि आंच हीं जशींच्या तशीं राहतात.

आकाशाकडे पाहण्याच्या बाबतींतहि हाच भेद आढळतो. प्लेटोनें सांगितलेल्या गोष्टींत तारे पाहत चालणारा थेलीस विहिरींत पडतो व दासी त्याला हंसते. ‘अकलेचे तारे तोडणें’ म्हणणारी आपली भाषाहि त्या दासीचीच बहीण. परंतु वर पाहणें नेहमींच विहिरींत नेत नाहीं. विदर्भांतील गोंड लोक सप्तर्षींच्या चार ताऱ्यांत खाट पाहतात आणि मागच्या तिघांत ती चोरूं पाहणारे तीन चोर. तारे आपली जागा सोडीत नाहींत. चित्र त्यांच्यावर बसतें आणि ते ओळखण्यास साहाय्य करतें. शास्त्रकारांचा अरुंधतीदर्शनन्यायहि तसाच. आधीं जवळचा ठळक तारा दाखवावयाचा, मग त्याच्या आधारानें बारीक अरुंधती. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ या ग्रंथांत मृगशीर्षांतील वसंतसंपातावरून वेदांचा काळ ठरविण्याचा प्रयत्न केला. त्यांचा निष्कर्ष सर्वांस मान्य झाला नाहीं. पण तो वादास व पडताळ्यास उभा राहिला. मनांतल्या मांड्यांना पडताळा नसतो.

तेव्हां कसोटी ही कीं, मन दूर जाऊन पुन्हा वस्तूकडे येतें कीं नाहीं. येत असेल तर त्याला ‘प्रतिभा’ म्हणण्यास संकोच नको, मग तो कवि असो कीं खाट पाहणारा गोंड. येत नसेल तर ‘दिवास्वप्न’ म्हणावें. पण प्रत्येक स्वस्थ बसलेल्या मुलाला हा दुसरा शब्द बहाल करण्याची घाई करूं नये.

माझ्या विद्यार्थ्यानें त्या शब्दापुढें आणखी लिहिलें होतें कीं, कवीच्या मनोराज्यांतहि कायदे असतात आणि ते राजालाहि पाळावे लागतात. तें वाक्य मीं पुरतें वाचलें नव्हतें. शब्द दिसतांच लाल रेघ ओढली होती. कोलरिजचें म्हणणें त्याला माझ्याहून बरें कळलें होतें. ते गुण आतां परत देतां येत नाहींत. निदान त्याचा शब्द येथें परत करतों.