उशाशी बसलेला वाचक

काही वाचक कादंबरीतला नायक तापाने फणफणला की सावरून बसतात. लढाईची, खुनाची, लग्नाची पानं त्यांनी एकदाच वाचलेली असतात. पण तो बेशुद्ध पडतो, कुणीतरी त्याच्या कपाळावर गार पाण्याची घडी ठेवतं, ती पानं मात्र त्यांना पाठ असतात. मी अशा वाचकांपैकी आहे. खुनाच्या गोष्टी आवडतात हे कुणीही चारचौघांत सांगतं, भुतांच्या आवडतात हेही सांगतं. आजारपणाच्या आवडतात म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठी पडते, आणि खरं सांगायचं तर आपल्याही मनात ती असतेच. दुसऱ्याच्या दुखण्यात आपल्याला काय गोड लागतं, हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही. या ओढीवर पोसलेल्या कलेचं आज काय चाललं आहे, ते मात्र स्वच्छ दिसतं आणि त्यावर बोललं पाहिजे.

आर्थर कॉनन डॉयलची १९२४ सालची ‘थ्री गॅरिडेब्स’ ही कथा घ्या. रहस्यकथा म्हणून ती बेताचीच आहे. तरी होम्सचे भक्त तिच्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते शेवटच्या पान-दीड पानासाठी. वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते. होम्स त्याला आधार देऊन खुर्चीत बसवतो, खिशातल्या चाकूने विजार फाडतो, जखम वरवरची आहे हे पाहिल्यावर त्याचा जीव भांड्यात पडतो. मग गुन्हेगाराकडे वळून तो बजावतो, की याचा जीव गेला असता तर तूही या खोलीतून जिवंत गेला नसतास. वर्षानुवर्षं ज्या माणसाने मायेचा एक शब्द काढला नाही त्याचा चेहरा उतरलेला वॉटसन पाहतो, आणि एवढं कळण्यासाठी आणखी जखमा झाल्या असत्या तरी चाललं असतं, असं त्याला वाटतं. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या पिढीला तर्काने चालणारा होम्स ठाऊक असतो. त्या तर्काला भगदाड पडतं ते इथे, आणि ते पाडायला गोळी लागते.

ही ओढ इंग्रजांकडून आलेली नाही. आठव्या शतकातला भवभूती स्वतःचं मूळ विदर्भातल्या पद्मपूरचं सांगतो. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा तिसरा अंक पंचवटीत घडतो. राम बारा वर्षांनी तिथे येतो, जुन्या जागा पाहून मूर्च्छित पडतो. सीता जवळच आहे, पण भागीरथीच्या कृपेने ती कुणाला दिसत नाही. सोबतची नदीदेवता तमसा तिला सांगते, जा, त्याला हात लाव. ज्याने आपल्याला टाकलं त्याला हात लावायचा का, हा तिच्यापुढचा पेच आहे. ती लावते. तो शुद्धीवर येतो आणि स्पर्श ओळखतो. शुद्धीत असलेल्या रामाला सीतेने स्पर्श केला नसता; तिचा मान आड आला असता आणि त्याचं राजेपणही. मूर्च्छेने दोघांनाही तेवढी सवड दिली. या प्रकारच्या लिखाणातलं सगळं बळ या एका प्रसंगात आहे, आणि एवढ्या उंचीवर ते क्वचितच पोचलं आहे.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय याच रस्त्याचे. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे मराठी घरांत शरदबाबू आपलेच लेखक म्हणून वाचले गेले, आणि त्यांचे नायक सारखे आजारी पडत. श्रीकांत तापाने अंथरूण धरतो आणि राजलक्ष्मी धावत येते. देवदास रस्त्यात कोसळलेला सापडतो आणि चंद्रमुखी त्याला उचलून घरी आणते. एक बाईजी, दुसरी कोठ्यावरची. समाजाने त्यांना घरच्या बाईची जागा नाकारलेली. ती जागा त्यांना पथ्याच्या वाटीपुरती, औषधाच्या वेळेपुरती मिळते. जिथे स्त्री-पुरुषांनी एका खोलीत बसणंही अवघड होतं तिथे तापाने ते शक्य केलं. आमच्या आज्या-आयांनी ही पुस्तकं डोळे पुसत वाचली, त्या रडण्यात हा आनंद मिसळलेला होता असं मला वाटतं. तो त्यांनी बोलून दाखवला नाही, एवढंच.

करुणातून आनंद कसा मिळतो यावर मराठी समीक्षेने भरपूर शाई खर्च केली आहे. न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मला इथे सगळ्यात उपयोगी वाटते. वाचक स्वतःला न विसरता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, असं ते म्हणत. आजारपणाच्या गोष्टीत तो एकाच वेळी दोन भूमिकांत शिरतो. खाटेवर पडलेलाही तोच, उशाशी बसलेलाही तोच. काही न करता आपल्याला कुणी सांभाळावं आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडावं, या दोन्ही भुका एका दृश्यात भागतात. आणि केळकरांनी म्हटलेला तो न विसरलेला ‘मी’ दाराशी उभा राहून हे सगळं बघत असतो. अवघडलेपण येतं ते त्याला. खाटेवरचा माणूस कण्हतो आहे आणि मी पान उलटायला नको म्हणते आहे, हे त्यालाच दिसतं.

म्हणून मी या ओढीला विकृती म्हणणार नाही. जे. जी. बॅलार्डच्या ‘क्रॅश’सारख्या १९७३च्या कादंबरीत मोटार-अपघातातल्या जखमांचंच आकर्षण आहे, तो रस्ता वेगळा, थंड आहे, आणि बहुतेकांची ओढ तिकडे जात नाही. माझी तक्रार ओढीबद्दल नाही. कलेने तिला काय खाऊ घातलं याबद्दल आहे.

पहिली लबाडी क्षयाने केली. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचे जंतू दाखवून दिले, तरी तो रोग नाजूक, हळव्या, बुद्धिमान माणसांनाच होतो ही कल्पना मरेना. व्हेर्दीच्या ‘ला ट्राव्हियाता’तली व्हायोलेटा फुप्फुसं पोखरलेली असताना शेवटपर्यंत गाते. सुसान सोंटॅगने स्वतःच्या कॅन्सरवर उपचार घेतल्यानंतर, १९७८ साली, ‘इलनेस ॲज मेटाफर’ लिहून या नटवण्यावर कडाडून टीका केली. रोगाला अर्थ चिकटवले की रोग्याला त्या अर्थांचाही भार वाहावा लागतो, हा तिचा मुद्दा होता.

आपल्याकडे क्षयाची जागा हिंदी सिनेमातल्या कॅन्सरने घेतली. ‘सफर’ १९७०, ‘आनंद’ १९७१, ‘अंखियों के झरोखों से’ १९७८. ‘आनंद’ मी कितीही वेळा पाहू शकते. रमेश देव आणि सीमा देव यांच्या, त्या डॉक्टर आणि त्याच्या बायकोच्या घरात जी ऊब आहे ती मराठी प्रेक्षकाला घरची वाटते. पण आनंदच्या आतड्यात लिम्फोसार्कोमा आहे. आतड्याचा कॅन्सर झालेला माणूस काय खातो, त्याच्या पोटात काय राहतं, रात्री तो कसा झोपतो, यातलं काही सिनेमा सांगत नाही. रोगाचं नाव भारदस्त आहे आणि देह कोराच आहे. हृषिकेश मुखर्जींना हसत मरणारा माणूस दाखवायचा होता, तो त्यांनी अप्रतिम दाखवला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत मात्र ‘हसत मरावं’ ही रोग्याकडून अपेक्षाच होऊन बसली. आणि ज्या क्षयावर हे सगळं उभं राहिलं तो कुठेही गेलेला नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही भारतात आहे. पण आताचा क्षयरोगी चाळीतला, झोपडपट्टीतला, कारखान्यातला आहे. त्याच्या उशाशी एकही कादंबरी बसायला गेलेली मला दिसत नाही, आणि हे मला फार लागतं.

मराठी मालिकांत तर देहच उरलेला नाही. नायकाला अपघात होतो, कपाळाभोवती पांढरीशुभ्र पट्टी, पट्टीवर नेमका रुपयाएवढा लाल डाग. दाढी कोरलेली, केस बसवलेले. हाताला सलाईन, यंत्रावर हिरवी रेघ. नायिका काचेतून बघते, मग देवापुढे उभी राहते, आणि तो डोळे उघडतो तेव्हा त्याची स्मृती गेलेली असते. दुखणं इथे कथानकाला खुंटी म्हणून लागतं. ही दृश्यं बघून माझ्यासारखीलाही काही वाटत नाही, कारण त्यात कुणी कुणाला सांभाळतच नाही.

आज या कलेचा सगळ्यात जिवंत भाग आहे तो हौशी लेखिकांच्या चाहतेलेखनात, म्हणजे फॅनफिक्शनमध्ये. ‘स्टार ट्रेक’ १९६६ साली टीव्हीवर आलं, आणि दुसऱ्याच वर्षापासून त्याच्या चाहत्यांची छोटी नियतकालिकं निघू लागली. त्यांत लिहिणाऱ्या बहुतेक बाया होत्या आणि त्यांच्या गोष्टींत कर्क किंवा स्पॉक वारंवार जखमी होत, म्हणजे दुसऱ्याला त्याची शुश्रूषा करता येई. या प्रकाराला ‘हर्ट-कम्फर्ट’ हे नाव पडलं. कॅमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने १९९२च्या ‘एंटरप्रायझिंग विमेन’ या पुस्तकात त्याची दखल घेतली. त्या बायका बाकी सगळ्यावर बोलत, यावर बोलायला मात्र बिचकत, असं तिला आढळलं होतं. नंतर ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे त्यांचं ग्रंथालय २००९ साली सुरू झालं आणि २०१९मध्ये त्याला ह्युगो पुरस्कार मिळाला. तिथे हर्ट-कम्फर्ट हा सगळ्यात जास्त लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या प्रकारांपैकी एक आहे.

या लिखाणाचा मला आदर वाटतो तो त्याच्या सरळपणासाठी. गोष्टीच्या माथ्यावरच लिहिलेलं असतं: ताप आहे, मोडलेली बरगडी आहे, शेवट गोड आहे. ज्याला हवं त्याने आत यावं. सिनेमा हेच विकतो, पण वर त्याग, देशभक्ती, नियती अशी वेष्टनं गुंडाळून. इथे बाई उघड म्हणते, मला या दोन माणसांना एकमेकांची काळजी घेताना बघायचं आहे. तिने निवडलेली माणसं बहुधा पुरुष असतात, न बोलणारे, न रडणारे. त्यांना मोडल्याशिवाय मऊ करता येत नाही हे तिला जगातूनच कळलेलं असतं. मात्र या गोष्टींतही जखम चार पानांत भरते, सूप आपोआप तयार होतं आणि चादर कुणी बदलत नाही. सांभाळणारा कधी थकत नाही. सांभाळून घेणारा ‘मला हात लावू नकोस’ असं म्हणतो, तर ते लाडात येऊन.

माझ्या घरात एक मोठं आजारपण येऊन गेलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, बेडसोअर होऊ नयेत म्हणून हवेची गादी, नाकातल्या राईल्स ट्यूबमधून पेज, रात्रीची मावशी आली नाही की डायपर आपण बदलायचा. त्यातही माया होती. पण ती पुस्तकातल्यासारखी कपाळावरच्या हातात नव्हती. रात्री तीन वाजता चिडचिड गिळण्यात होती, आणि आजारी माणसाने भिंतीकडे तोंड फिरवून आपल्याला पाठ दाखवण्यातही होती. त्यानंतर माझी जुनी आवड गेली नाही. तिला चव आली, आणि बरीच पुस्तकं अळणी लागू लागली.

मनातून उतरली नाहीत ती थोडी. ‘कोसला’तली मनी देवीच्या रोगाने जाते, आणि नेमाडे तिच्या मरणाला सुंदर होऊच देत नाहीत, तिचा भाऊ पांडुरंग याचा संताप कुणालाही उशाशी बसून हळवं होण्याची मुभा देत नाही. ‘श्वास’ या सिनेमात नातवाचे डोळे काढावे लागणार हे कळलेला आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढतो, जग डोळे भरून दाखवायला, तिथे सांभाळणं म्हणजे नियम मोडणं आहे. भावे-सुकथनकरांच्या ‘अस्तु’त मोहन आगाशेंचे विस्मृतीत गेलेले शास्त्री माहुताच्या बायकोच्या हाती पडतात. तिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही, भाषाही धड कळत नाही, म्हणून ती त्यांना सरळ लेकरू करून टाकते. आणि पद्मजा फाटक यांची ‘हसरी किडनी’. खाटेवरचं माणूस स्वतः बोलू लागलं की उशाशी बसलेल्याचं सगळं गोड दुःख कसं मागे सरतं, ते या पुस्तकात दिसतं. तिथे रोगी कुणाची वाट बघत पडलेला नसतो. तो डॉक्टरला प्रश्न विचारतो, हिशेब करतो, वैतागतो. आमच्यासारख्या वाचकांनी अशी पुस्तकं तापाच्या पानांइतक्याच असोशीने वाचली पाहिजेत असं मी आग्रहाने सांगते, कारण आपल्या स्वप्नातल्या रोग्याला ‘नको’ म्हणता येत नाही आणि इथल्या रोग्याला येतं.

पण माझ्या मनातल्या या भांडणाला थेट हात घातला तो असित सेन यांच्या ‘खामोशी’ने, १९६९ साली. त्यांनीच दहा वर्षांपूर्वी बंगालीत केलेल्या ‘दीप ज्वेले जाइ’चं हे हिंदी रूप. मनोरुग्णांच्या वॉर्डात राधा ही नर्स आहे, वहिदा रेहमान. डॉक्टर तिला सांगतात, रोग्यावर प्रेम केल्याचा अभिनय कर, तो बरा होईल. देव बरा होतो आणि निघून जातो. राधाचं प्रेम अभिनय राहिलेलं नसतं, पण ते कुणी विचारत नाही. मग दुसरा रोगी येतो, पुन्हा तिलाच बोलावलं जातं, आणि पुन्हा ती उशाशी बसते. राजेश खन्नाचा अरुण बरा होतो. राधाचं मन मोडतं आणि ज्या वॉर्डात ती रोगी बरे करायची तिथेच ती रोगी होऊन येते. शुश्रूषेचा जो गोडवा आम्ही पानोपानी चाखतो त्याची किंमत कुणाच्या अंगावर पडते, ते या एका सिनेमाने दाखवलं. मराठीत राधाच्या बाजूने लिहिलेली कादंबरी मी शोधते आहे: रुग्णालयातल्या एखाद्या सिस्टरची, घरी येणाऱ्या रात्रीच्या मावशीची, जिला उशाशी बसण्याचा पगार मिळतो आणि जिची माया त्या पगारात धरलेली नसते. रोज शेकडो घरांत या बायका रात्री आठला येतात, सकाळी आठला जातात. त्यांना काय आवडतं, काय नकोसं होतं, कुणाचं कपाळ पुसताना त्यांचा हात रेंगाळतो, हे आपल्या साहित्याने अजून त्यांना विचारलेलं नाही.