बग 'येतो' कुठून?

'बग' हा शब्द कुठून आला, असं सॉफ्टवेअरवाल्या कुणालाही विचारा, पतंगाची गोष्ट ऐकायला मिळेल. पतंग म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. 9 सप्टेंबर 1947, हार्वर्डचा मार्क टू संगणक. रिलेत अडकलेला पतंग सापडला, तो लॉगबुकात चिकटवला गेला आणि ग्रेस हॉपरमुळे जगाला 'बग' मिळाला.

पतंग खरा आहे, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये जपून ठेवलाय. निष्कर्ष मात्र चुकीचा. बग 'खरोखरचा' सापडण्याची ही पहिलीच वेळ, अशी त्या नोंदीतली थट्टा आहे. शब्द आधीपासून वापरात असेल तरच ती कळते ना? 1878 सालच्या एका पत्रात एडिसनने आपल्या शोधांमधल्या बारीकसारीक दोषांना 'बग'च म्हटलंय. हॉपरबाईंनी तो पतंग स्वतः शोधलाही नव्हता. त्यांनी गोष्ट जगभर नेली.

त्याही आधी, मध्ययुगीन इंग्रजीत याच रूपाचा शब्द भुताखेतांसाठी होता. (आपल्या बागुलबुवाशी उच्चार जुळतो, पण लगेच नातं जोडू नका.) किड्याचा अर्थ सतराव्या शतकातला. भूत आणि किडा एकाच मुळाचे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. भूत काय, किडा काय, दोघंही बाहेरून येतात. 1988मध्ये डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने नेमकं हेच पकडलं. 'बग' म्हटलं की प्रोग्रॅमरची नजर चुकवून काहीतरी आत शिरलं असं वाटतं. सरळ 'चूक' म्हणा, कारण ती केलेली असते, असं त्याचं म्हणणं. आपल्या ऑफिसातली मराठी तर आणखी पुढची: 'बग आलाय.' जसा पाऊस येतो, पाहुणे येतात. 'मी बग केला' असं कुणी म्हणत नाही.

हा शब्दांचा किस पाडणं वाटत असेल, तर ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसकडे बघा. 'होरायझन' नावाच्या संगणकप्रणालीच्या हिशेबात तूट दिसायची आणि संस्था सबपोस्टमास्तरांना चोर ठरवायची. 1999 ते 2015 दरम्यान 900हून जास्त जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांचं दिवाळं निघालं. होरायझनमध्ये बग होते, हे न्यायालयाने 2019मध्ये स्पष्ट सांगितलं.

पण 2013मध्येच संस्थेच्या प्रमुख पॉला व्हेनेल्स यांनी नवऱ्याकडे 'बग'साठी भावना न भडकवणारा शब्द मागितला होता. चौकशी आयोगासमोर ते उघड झालं. डायक्स्ट्राला जो शब्द फार मऊ वाटत होता, तो यांना फार कडक वाटला. नवऱ्याने दोन पर्याय दिले: 'एक्सेप्शन' किंवा 'ॲनॉमली', म्हणजे अपवाद किंवा विसंगती.